वाचक विचारतात: इराणच्या राजाची मेंढरं, घोडे आणि हिशोब

गेल्या अंकात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणच्या हखामनी राजांबद्दल, म्हणजे सायरस, दारियस, झर्क्सिस या मंडळींबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की यांच्या कारकुनांनी मेलेल्या मेंढीच्या कातड्याचीसुद्धा नोंद ठेवलीय. मला वाटलं वाचतील आणि पुढे जातील. पण त्या वाक्यावरून जे प्रश्न यायला लागले ते थांबायला तयार नाहीत, आणि महालांबद्दल एक नाही, लढायांबद्दल एक नाही, सगळे मेंढ्या, घोडे आणि मटणाबद्दल. बरोबरच आहे म्हणा, इंदूरची गादीच मुळात धनगर घराण्याची, इथे मेंढरांची चौकशी होणारच. ग्वाल्हेर-बडोद्याचे लोकही मागे नाहीत. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, ही जनावरं नक्की कुणाची म्हणायची, राजाची स्वतःची की सरकारची? आणि एवढा पसारा कोण सांभाळून राहिलं होतं? (राजेंद्रनगर, इंदूर)

दोन्ही होती, आणि दोन्हीतला फरक त्यांच्याच रजिस्टरात दिसतो. १९३३-३४ साली शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटची टीम पर्सेपोलिसला, म्हणजे या राजांच्या राजधानीत, खोदकाम करत होती, अर्न्स्ट हर्झफेल्ड प्रमुख होते, तेव्हा तटबंदीतल्या खोल्यांमध्ये मातीच्या पाट्यांचा ढीगच्या ढीग सापडला, तुकडे धरून हजारोंच्या घरात. बहुतेक पाट्या एलामी भाषेत, काही अरामीत, काळ इ.स.पू. ५०९ ते ४९३, म्हणजे दारियसचा. आता राजधानीतलं दफ्तर म्हटल्यावर आपल्याला वाटतं तह असतील, फर्मानं असतील, कुणाला जिंकलं त्याची वर्णनं असतील. छे हो. कुणाला किती धान्य दिलं, किती वाइन, किती मेंढ्या, कुठल्या कोठीतून, कुणाच्या हुकमाने, एवढंच. रिचर्ड हॅलॉक नावाच्या संशोधकाने त्यातल्या २,०८७ पाट्या वाचून १९६९ साली छापल्या, आयुष्य घातलं त्या माणसाने त्यात.

त्या दफ्तरातलं एक पत्र माझं फार आवडतं आहे. पर्नक्का हा सगळ्या कोठीखात्याचा मुख्य, राजघराण्यातलाच, बहुधा दारियसचा काका. तो हर्रेना नावाच्या जनावरखात्याच्या प्रमुखाला कळवतो की दारियस राजाने मला हुकूम केलाय, माझ्या इस्टेटीतून शंभर मेंढ्या इर्तश्दुना राजकन्येला द्या, तर आता राजाने मला जसं सांगितलं तसं मी तुला सांगतो, तू दे. ही इर्तश्दुना म्हणजे सायरसची मुलगी आणि दारियसची बायको, ग्रीक लोक तिला आर्टिस्टोनी म्हणतात, आणि त्यांचा इतिहासकार हेरोडोटस सांगतो की ही दारियसची सगळ्यात लाडकी होती, तिचा सोन्याचा पुतळा करून घेतला होता त्याने. बघा म्हणजे, राणी लाडकी, राजा स्वतः सांगतोय, मेंढ्या राजाच्या स्वतःच्या, तरी कळप सरळ हाकून नेता येत नाही. राजा पर्नक्काला सांगणार, पर्नक्का हर्रेनाला लिहिणार, पाटीवर शिक्का उमटणार, कारकुनाचं नाव लागणार, आणि मगच मेंढ्या हलणार. हे साल इ.स.पू. ५०३. त्याच सुमाराला त्याच राणीला सुमारे दोन हजार लिटर वाइन देण्याचंही असंच पत्र आहे, म्हणजे काहीतरी मोठं कार्य असणार घरात.

बाकी कर म्हणून गोळा झालेल्या मेंढ्या वेगळ्या, सरकारी खिल्लारं वेगळी, त्यांच्या याद्या नर, मादी, लहान, मोठी असं करत लिहिलेल्या. आणि कापलेल्या-मेलेल्या जनावरांची कातडी खजिन्यात जमा. माझं ते वाक्य याच्यावरूनच आलं होतं.

प्रश्न: राजाच्या मुदपाकखान्यात रोज हजार जनावरं कापायचे असं वाचलं. फेकाफेकी वाटते हो ही. एवढं खाणार कोण? (रामबाग, इंदूर)

आकडा ग्रीकांचा आहे म्हणून जरा जपूनच घ्या, पण प्रश्नाचं उत्तर मात्र सांगणाऱ्यानेच देऊन ठेवलंय आणि लोक नेमकं तेच गाळतात. हे सांगणारा हेराक्लीडीस, कुमे गावचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. त्याच्या यादीत घोडे, उंट, बैल, गाढवं, हरणं आहेत, पण सगळ्यात जास्त मेंढ्या, शिवाय शहामृग, हंस, कोंबडे. पण तो पुढे लगेच म्हणतो की याला उधळपट्टी समजू नका, नीट बघितलं तर हे फार काटकसरीचं काम आहे. कारण राजासमोर येतं ते थोडं, पाहुण्यांना मिळतं तेही बेताचं, उरलेलं घरी नेतात, आणि मोठा भाग जातो बाहेर अंगणात, पहारेकरी आणि शिपायांना. ग्रीसमध्ये भाडोत्री सैनिकाला चांदी मिळते तसं इथे शिपायाला मांस आणि भाकरी मिळते, असं त्याने सरळच लिहिलंय. म्हणजे भिया, ते जेवण नव्हतंच, पगारवाटप होतं! आपण मात्र दोन हजार वर्षं इराणी राजा किती खादाड यावरच अडकून बसलोय.

पॉलिएनस नावाचा अजून एक लेखक आहे, फार नंतरचा, त्याने रोजची यादीच दिलीय, ४०० मेंढे, १०० बैल, ३० घोडे, ३०० कोकरं, पोसलेले ४०० हंस, ३० हरणं आणि बारीकसारीक पाखरं तर शेकड्याने. तो म्हणतो की ही यादी राजवाड्यात पितळी खांबावर कोरलेली होती आणि अलेक्झांडरने ती बघून चेष्टा केली आणि खांब पाडायला लावला. गोष्ट किती खरी देव जाणे, पण जेवणाची यादी खांबावर कशाला कोरेल कोणी? हक्काचा शिधा कुणाचा किती हे जाहीर लावलेलं असेल तर मात्र पटतं.

आणि हे मी मनाने म्हणत नाही, पाट्यांमध्ये हेच आहे. त्या पर्नक्काचा स्वतःचा रोजचा भत्ता बघा, २ मेंढ्या, सुमारे ९० लिटर वाइन आणि १८० लिटर पीठ. साध्या कामगाराला महिनाभराला तीसेक लिटर जव मिळायचे. एकटा माणूस रोज दोन मेंढ्या आणि ९० लिटर वाइन रिचवणार आहे का? त्यातून त्याचा स्टाफ, नोकरचाकर, घोडेवाले सगळे जेवायचे. खाली उतरत गेलं की हिशोब अजून बारीक. कामकरी बायकांच्या टोळीवर जी मुकादमीण असायची तिला महिन्याला ५० लिटर धान्य, ३० लिटर वाइन आणि एक तृतीयांश मेंढी. तिसरा हिस्सा! म्हणजे तिघींमध्ये एक मेंढी कापून वाटून घेत असणार, पण रजिस्टरात प्रत्येकीच्या नावावर तिचा तिसरा भाग स्वतंत्र. पुढे झर्क्सिसच्या काळात खजिन्याच्या पाट्यांमध्ये हाच शिधा काही अंशी चांदीत बदललेला दिसतो, तिथे भाव लावलाय एका मेंढीला ३ शेकेल चांदी, शेकेल म्हणजे आठेक ग्रॅम. मेंढी हीच नाण्यासारखी चालत होती म्हणा ना.

प्रश्न: मी एमपीपीएससीची तयारी करतोय, मॅडम प्लीज खंडणीत कुठून किती जनावरं यायची त्याचे फक्त आकडे द्या. (भंवरकुआँ, इंदूर)

घे बाबा. कॅपाडोशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मधला भाग, दर वर्षी १,५०० घोडे, २,००० खेचरं, ५०,००० मेंढ्या, आणि मीडिया म्हणजे पश्चिम इराण, त्याच्या जवळपास दुप्पट, हे भूगोल लिहिणाऱ्या स्ट्रॅबोचं. आर्मेनियाच्या सुभेदाराकडून २०,००० शिंगरं, हेही स्ट्रॅबोच. सिलिशिया म्हणजे तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, तिथून ३६० पांढरे घोडे, दिवसाला एक, हे हेरोडोटसचं. स्ट्रॅबो रोमन काळातला आहे आणि हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकातला, हे मात्र लिहून ठेव, उत्तरात लेखकाचं नाव टाकलं की बरं दिसतं. पेपरात हे येईल असं मला वाटत नाही.

प्रश्न: आमच्याकडे शिंदेशाहीत पागा होत्या, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. इराणात स्वारांची काय पद्धत? (लष्कर, ग्वाल्हेर)

काका, तुमचा प्रश्न वाचून मजा आली, कारण तिथेही दोन्ही प्रकार होते म्हटलं तरी चालेल.

सरकारी पागांचं आधी. मीडियात निसा नावाच्या मैदानातले घोडे सगळ्यात नावाजलेले, मोठ्या हाडापेराचे. झर्क्सिस ग्रीसवर निघाला तेव्हा त्याच्यापुढे सजवलेले दहा पवित्र निसाई घोडे चालवत होते आणि त्याचा स्वतःचा रथही निसाई घोड्यांचाच. अलेक्झांडरचा इतिहास लिहिणारा एरियन सांगतो की या कुरणांत एके काळी दीड लाख घोड्या चरायच्या, अलेक्झांडर तिथे पोचला तेव्हा पन्नास हजारांवर नव्हत्या, बहुतेक लुटारूंनी पळवल्या होत्या. बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, सुभेदाराची खाजगी पागा हेरोडोटसने सांगितलीय, लढाईचे घोडे सोडून ८०० वळू घोडे आणि १६,००० घोड्या, एका वळूमागे वीस. पैदाशीचं असं गणित बसवलेलं असलं की समजायचं कुणीतरी जाणकार माणूस बसलाय तिथे.

पण सगळी शिंगरं सरकारी कुरणात वाढत नव्हती, बरीच गावागावांत वाढवायला दिलेली. झेनोफन नावाचा ग्रीक लेखक इ.स.पू. ४०१-४०० च्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक सैनिकांबरोबर आर्मेनियातून परत चालला होता, बर्फात, तेव्हा एका खेड्यात त्यांना १७ शिंगरं सापडली, राजाला खंडणीत द्यायची म्हणून गावाने पोसलेली. खंडणीचा वीस हजाराचा आकडा असा जमायचा, एका गावात सतरा, दुसऱ्यात दहा-बारा. झेनोफनने काय केलं, तर एक स्वतःला ठेवलं आणि बाकीची आपल्या सरदारांना वाटून टाकली. गावच्या पाटलाने बिचाऱ्याने वर त्यांना शिकवलं की बर्फात घोड्यांच्या पायांना छोट्या पिशव्या बांधा, नाहीतर पोटापर्यंत रुततात. राजाचा घोडा लुटून नेणाऱ्याला घोडा कसा सांभाळायचा तेही तोच सांगतोय, काय म्हणावं.

आता तुमचा शिलेदार. बाबिलोनियात राजा जमीन तोडून द्यायचा, आणि जमिनीबरोबर नेमणूक यायची, कुणाची धनुर्धाऱ्याची जमीन, कुणाची रथाची, कुणाची घोड्याची. घोड्याच्या जमिनीवाल्याने बोलावणं आलं की सामानासकट स्वार द्यायचा. इ.स.पू. ४२१ च्या आसपासचा एक करार आहे, गदल-यामा नावाचा ज्यू माणूस, नावावरून ज्यू हे कळतं, निप्पूरच्या मुराशू नावाच्या सावकार घराण्याशी केलेला. त्या घराण्याने अशा जमिनीत दत्तक जाऊन वाटा मिळवला होता, म्हणजे जमीन सावकाराकडे पण घोड्यावर बसायला सावकार थोडाच जाणार! तर गदल-यामा म्हणतो मी जातो, पण मला घोडा आणि त्याचं सामान, लोखंडी चिलखत, शिरस्त्राण, १२० बाण, भाले आणि वाटखर्चाला एक मिना, म्हणजे अर्धा किलो चांदी द्या, मी उरुकला राजाच्या हजेरीला उभा राहतो. घोडा सावकाराचा, बसणारा गदल-यामा, म्हणजे याला बारगीर म्हणावं की शिलेदार, तुम्हीच ठरवा.

प्रश्न: मी पशुवैद्यक खात्यातून रिटायर झालो. सरकारी जनावर बाहेर सांभाळायला दिलं की पुढच्या वेळी उत्तर ठरलेलं, साहेब मेलं. त्या लोकांनी यावर काय उपाय काढला होता? (दांडिया बाजार, बडोदे)

साहेब, तुमच्यासारख्या माणसानेच लिहिलाय असं वाटावं असा करार आहे. आर्शाम नावाचा राजपुत्र, इजिप्तचा सुभेदार, पण त्याची शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारं शेकडो कोस दूर बाबिलोनियात निप्पूरकडे. तिथे त्याचा कारभारी ती मेंढपाळांना खंडाने द्यायचा. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटची गोष्ट. अटी ऐका.

शंभर मेंढ्यांमागे वर्षाला ६६ पूर्णांक दोन तृतीयांश कोकरं मालकाला. हो, दोन तृतीयांश कोकरू. मेंढीमागे दीड मिना लोकर, म्हणजे आपल्या हिशोबाने पाऊण किलोच्या आसपास, शेळीमागे केस त्याहून कमी. प्रत्येक दुभत्या मेंढीमागे चीजचा एक गोळा, शंभर मेंढ्यांमागे साधारण लिटरभर तूप. आणि मग तुमचा मुद्दा. शंभरात दहा मेली असं म्हणायची मेंढपाळाला मुभा, त्याची भरपाई त्याच्यावर नाही, अकरावी मेली तर ती त्याच्या खिशातून. पण ती दहासुद्धा नुसती तोंडाने सांगून चालणार नाही, प्रत्येक मेलेल्या जनावरामागे एक कातडं आणून टाकायचं आणि अडीच शेकेल, म्हणजे वीसेक ग्रॅम स्नायूंचे तंतू जमा करायचे, ते धनुष्याच्या दोरीला वगैरे कामाला यायचे.

मला यात हुशारी दिसते ती अशी की मालक मेंढपाळाला खोटारडा म्हणतच नाही, पंचनामा नाही, चौकशी नाही, दहा टक्के घे आणि गप्प बस. साथ येऊन खरंच वीस टक्के मेल्या तर? तर मेंढपाळ मेला. त्या कराराची ही बाजू कुणी लिहीत नाही. साथ, दुष्काळ, लांडगा, सगळी जोखीम त्या गरिबावर आणि राजपुत्राचे ६६ आणि दोन तृतीयांश पक्के.

प्रश्न: एवढा कडक हिशोब होता तर चोऱ्या होतच नसतील? (अलकापुरी, बडोदे)

अहो, हिशोब लिहिणाराच चोर निघाला तर? उरुकला एअन्ना नावाचं इश्तार देवीचं भलं मोठं देऊळ होतं, त्याची हजारो जनावरं, आणि प्रत्येकावर चांदणीचा डाग दिलेला, देवीची खूण. थकबाकीची जनावरं मेंढपाळांकडून वसूल करायला गिमिल्लू नावाचा अंमलदार नेमलेला. हा पठ्ठ्या वसूल करायचा आणि आपल्या गोठ्यात घालायचा, चांदणीचा डाग असलेली सुद्धा. इ.स.पू. ५३८ मध्ये, सायरसने बाबिलोन घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्याच्यावर उरुकच्या सभेत खटला चालला, साक्षी झाल्या, एका साक्षीदाराने तर डागाची मेंढी ओळखून दाखवली. देवळाच्या जनावराच्या चोरीला दंड तीसपट, तो लावून एकूण झाले ९२ गाईबैल, ३०२ मेंढ्या आणि १ मिना १० शेकेल चांदी.

पुढचं ऐकायचंय? नोकरी गेली नाही. त्याच खात्यात तो पुढे वर्षानुवर्षं दिसत राहतो, सायरस गेला, त्याचा मुलगा कॅम्बिसिस आला, गिमिल्लू आहेच, मध्ये देवळाची जमीनसुद्धा कसायला घेतलीय त्याने. दारियसच्या सुरुवातीच्या काळापर्यंत त्याचं नाव कागदात, म्हणजे पाट्यांत सापडतं. कुणीतरी वर बसलेलं सांभाळत असणार त्याला, आपल्याला नवीन नाही हे. आणि त्याची लफडी आपल्याला कशी कळली? तर देवळाच्या इतर कारकुनांनी प्रत्येक मेंढीचं बिल लिहून ठेवलं म्हणून.

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे, त्याने विचारलंय की इराणच्या राजाकडे भारतातून काही जनावर गेलं होतं का? (सुदामानगर, इंदूर)

त्याला सांगा, कुत्रे! बाबिलोनच्या ज्या सुभेदाराची सोळा हजार घोड्यांची पागा वर सांगितली त्याच्याकडे भारतीय कुत्रे इतके होते की त्यांच्या खाण्यासाठी मैदानातली चार मोठी गावं लावून दिली होती, आणि त्या गावांना बाकी सगळे कर माफ. शिवाय पर्सेपोलिसच्या अपादाना महालाच्या जिन्यावर नजराणे घेऊन येणाऱ्यांच्या रांगा कोरल्यात, त्यात आपल्याकडची माणसं धोतर नेसून, खांद्यावर कावड घेऊन, बरोबर एक गाढव हाकत येताना दिसतात, आणि गांधारचे लोक वशिंडवाला बैल घेऊन. फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत, त्याला म्हणावं वशिंड आधी शोध, बैल लगेच सापडेल.